विकीच्या मागे आमचं गावठाण

नाही, मला एक सांगा, पंचवीस वर्षं एकच पिक्चर बघायचा, दरवर्षी, उघड्यावर, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून, चणे खात... आणि त्या पिक्चरमध्ये होतं काय, हेच माहीत नसावं? माणसं आहेत की कोण आहेत? अहो, त्या खुर्च्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितली असती गोष्ट! आणि वर तोंड करून मलाच विचारतात, "जेफ्री, कॉलेज सोडायचं हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कोणी रे?" कोणी घातलं? तुम्ही घातलंत! मांडीवर बसवून, हातात चण्यांचा द्रोण देऊन, दरवर्षी थोडं थोडं घातलंत!

बरं, थांबा. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा पोरगा आला आणि भांडायलाच लागला. भांडायलाच आलोय. पण पहिल्यापासून भांडतो.

मरोळला आमचं गावठाण. चारी बाजूंनी काचेची ऑफिसं आणि मधे आम्ही, दातात अडकलेल्या सुपारीसारखे, निघतही नाही आणि गिळताही येत नाही. तिथे चौकात दगडी क्रूस आहे आणि मे महिन्यात त्या क्रूसाचा सण. झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, गुडघे टेकून प्रार्थना, मग उकडलेले चणे, आणि मग वेन अंकलच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून पिक्चर. 'सायकल स्टँड'. दुसरा नाही. इतक्या वर्षांत एक माणूस म्हणाला नाही की यंदा दुसरा काहीतरी लावूया. का? तर हा पिक्चर आमच्या गावठाणात शूट झाला. सन दोन हजार. आठ दिवस. त्या आठ दिवसांवर आमची सगळी मोठी मंडळी अजून जगतायत!

पिक्चर कसला, तर कॉलेजच्या पोरांचा. विकी नावाचा हिरो, बारावीतला. गिटार वाजवतो, बापाला त्याला इंजिनियर करायचंय, पोराला व्हायचं नाही. शेवटी परीक्षेच्या गेटवर, सगळ्यांसमोर, विकी हॉल तिकिटाचे तुकडे करतो, बापाच्या डोळ्यात डोळे घालून म्हणतो, "हे पेपर तुमचे, आयुष्य माझं!" आणि गिटार पाठीला लावून सायकलवर टांग मारतो. आणि तुम्हाला सांगतो, त्या सीनला अख्खं गावठाण उभं राहायचं! टाळ्या! शिट्ट्या! माझा बाप, कॉस्मस, जो हसायलासुद्धा रविवारची वाट बघतो, तो दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचा की पलीकडच्या ऑफिसातला वॉचमन बाहेर यायचा! मी तेरा वर्षांचा. सांगा, मी काय समजायचं?

मी समजलो, माझा बाप विकीच्या बाजूचा आहे.

झालं. पुढे मला इंजिनियरिंगला टाकला. मला विचारलं? छे. बोकडाला विचारतात का, तुला सुकं आवडेल की रस्सा? तीन वर्षं काढली. तीन वर्षांत मला कळलं की मी कॉलेजच्या फंक्शनला वायरी जोडतो तेव्हाच फक्त जिवंत असतो, बाकी वेळ हजेरी. मग एका सकाळी, सहाव्या सेमिस्टरच्या पहिल्या पेपरला, मी गेटवर उभा राहिलो, हॉल तिकीट काढलं आणि फाडलं. मोठ्यानं म्हटलं, "हे पेपर तुमचे, आयुष्य माझं!" वॉचमन म्हणाला, "ओ भाऊ, कचरा इथे नाय. डबा तिकडे." मी ते तुकडे गोळा करून डब्यात टाकले. सायकल नव्हती. शेअर रिक्षानं घरी आलो, अर्धा सीटवर, अर्धा ड्रायव्हरच्या मांडीवर.

बापानं शिट्टी नाही मारली. चप्पल मारली.

त्याला झाली तीन वर्षं. आता मी लग्नं, सण, वाढदिवस यांना साउंड आणि लाइट लावतो. चांगला लावतो. पण गावठाणात माझी ओळख काय? "कॉस्मसचा तो... वायर गुंडाळतो." गुंडाळतो! अरे, तुमच्या पोरींच्या लग्नात तुम्ही जे नाचलात ना, ते त्या वायरीतून आलेल्या आवाजावर नाचलात!

यंदा मे महिना लागला आणि बापानं घरातल्या अल्तारावर, मेरीच्या पायाशी, एक कागद ठेवला. वर मेणबत्ती लावली. मला वाटलं कोण गेलं की काय. बघतो तर कॉलेजात परत नाव घालायचा फॉर्म. यंदा भरला नाही तर तीन वर्षं शिकलेलंही बाद, कायमचं. बाप म्हणाला, "सण झाला की सोमवारी सही करायची." मी म्हटलं, "नाही केली तर?" तो म्हणाला, "जेवायला मिळेल, झोपायला मिळेल. फक्त मला डॅडी म्हणायचं नाही." हे असं, शांतपणे, भाताचं पातेलं खरवडत! चप्पल परवडली हो. चप्पल उडून येते, लागते, संपते.

माझी सटकली. मी म्हटलं, "विकीनं फाडलं तर शिट्टी, आणि मी फाडलं तर हे?"

"कोण विकी?"

मला वाटलं मुद्दाम करतोय. "अरे विकी! 'सायकल स्टँड'मधला! हॉल तिकीट फाडतो तो! तू शिट्टी मारतोस त्या सीनला!"

"हॉल तिकीट?" माझ्या बापाच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? काहीच नव्हतं. "तो सीन? त्यात कुठे हॉल तिकीट? त्यात मागून वरात जाते. आपला गावचा बँड. डाव्या बाजूला मी आहे, क्लॅरिनेट वाजवतोय."

मी म्हटलं, "आणि पुढे? पुढे हिरो काय बोलतो?"

"पुढे कोण असतं काय माहीत," बाप म्हणाला. "मधेमधे येतं त्याचं डोकं."

मधेमधे येतं त्याचं डोकं! हिरोचं! क्लायमॅक्सला!

मी मम्मीकडे बघितलं. मम्मी बालवाडीत शिकवते, शहाणी बाई. ती म्हणाली, "मला वाटायचं तो पोस्टमन आहे. कागद असतात ना हातात."

मी घरातून निघालो तो सरळ शेजारच्या लूर्डस आंटीकडे. "आंटी, 'सायकल स्टँड'ची गोष्ट काय?" आंटीचे डोळे भरून आले. "गोस्ट म्हंजे... माजं बदक रे! ती पोरगी रडते ना झाडाखाली, तवा तिच्या मागनं जातं बग, डुलत डुलत, हिरोइनीवानी! माजं बदक ते!" ते बदक आंटीनं त्याच वर्षी नाताळात कापून खाल्लं. स्वतः! आणि पंचवीस वर्षं त्याच्या नावानं पदर डोळ्याला! ती पोरगी का रडते? विचारलंत कधी? गोष्ट गेली चुलीत!

वेन अंकलकडे गेलो. "अंकल, गोष्ट?" "गोष्ट सिंपल आहे मॅन. माझी बुलेट. एकशेतीन मिनिटांच्या पिक्चरमध्ये चार वेळा दिसते. तिसऱ्यांदा आवाज पण येतो." अहो, त्या तिसऱ्या वेळी विकीची आई आजारी पडलेली असते! "हां, कोण बाई झोपलेली असते खिडकीत," अंकल म्हणाले, "तिच्या खिडकीतून बुलेट काय क्लिअर दिसते!" मरू दे ती बाई! बुलेट दिसली ना? गोष्ट गेली चुलीत!

म्हणजे तुम्हाला कळतंय का काय झालंय? अख्ख्या गावठाणात, पंचवीस वर्षांत, ह्या पिक्चरची गोष्ट एकाच माणसानं ऐकली. एका तेरा वर्षांच्या गाढवानं. आणि त्यानं ती खरी मानली! बाकी सगळे आपापली भिंत, आपापली विहीर, आपापलं बदक बघत टाळ्या वाजवत होते, आणि मला वाटत होतं टाळ्या मला आहेत!

मग मी ठरवलं. म्हटलं थांबा. पिक्चर कोण लावतं? प्रोजेक्टर कोणाचा? वायर गुंडाळणाऱ्याचा! माझ्या साउंडच्या दुकानात बसलो, लॅपटॉप घेतला आणि अख्खा 'सायकल स्टँड' मोठा केला. म्हणजे ओढून ओढून इतका जवळ आणला की पडद्यावर फक्त माणसांचे चेहरे. मागचं सगळं बाहेर. विहीर बाहेर, बुलेट बाहेर, बदक बाहेर, बँड बाहेर. आता बघा काय बघता ते! आता ऐका गोष्ट!

पण हे करताना काय झालं, तर मलाच तो पिक्चर परत बघावा लागला. नीट. चोविसाव्या वर्षी. आणि काय सांगू... वाट लागली. तो विकी बारावीत? त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असतं आणि आत जंगल! गालावर दाढीचा हिरवा रंग! हा बारावीत असेल तर आमचे फादर केजीत आहेत. आणि करतो काय दिवसभर? त्या पोरीच्या मागे मागे सायकल. ती म्हणते "नको", हा गाणं म्हणतो. ती म्हणते "घरी सांगेन", हा दुसरं कडवं म्हणतो. आज कोणी असं केलं तर पोरगी व्हिडिओ काढेल आणि बरोबर करेल! आणि घर? मी तेराव्या वर्षी घर बघितलंच नव्हतं. विकीच्या घरात हॉलमध्ये जिना आहे. हॉलमध्ये! गोल फिरत वर जाणारा! खाली बाप रेशमी गाऊन घालून उभा! अरे साल्या, ज्याच्या हॉलमध्ये जिना आहे, तो काहीही फाडू शकतो! हॉल तिकीट फाड, गादी फाड, पडदे फाड! आमच्याकडे हॉलमध्ये हॉल मावत नाही! आणि कोणत्या नालायकानं तेरा वर्षांच्या पोराला सांगायचं होतं की बाळा, पुढचा हिरो बघ पण मागचा जिनाही बघ? कोण सांगणार? सांगणारे सगळे बदक बघत होते!

तरी मी लावला. राग होता ना. म्हटलं, पिक्चर भंकस असला तरी ऐकाच.

सणाचा दिवस. प्रार्थना झाली, चणे वाटले, साडेसातला पिक्चर सुरू. पहिल्याच मिनिटाला लूर्डस आंटी, "अरे, हा कोण एवढा मोठा?" हिरो आहे आंटी. "बाजूला कर त्याला!" वेन अंकल उठून चादरीच्या कडेला गेले आणि मागे वाकून बघायला लागले, जसं काही बुलेट भिंतीपलीकडे उभी आहे. "जेफ्री, मॅन, मशीन बिघडलं तुझं!" नाही बिघडलं, अंकल. "मग विहीर कुठे?" नाही विहीर! "आमचा ओटा?" नाही ओटा! झाडाचा सीन आला. आंटी खुर्चीवर उभी राहिली, ह्या वयात, "आता येल... आता येल..." आणि पडद्यावर नुसतं त्या पोरीचं नाक. हे एवढं. पाणी गळतंय. आंटी ओरडली, "मेल्या, माजं बदक मारलंस!" मी मारलं? मी? नाताळात कोणी खाल्लं?

पण उठून कोण जाणार? चणे संपले नव्हते. बसले बापुडे, आणि दुसरं काही दिसतच नाही म्हटल्यावर, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, कान दिले. शेवट आला. गेट आलं. विकीचा चेहरा भिंतभर. टर्रकन कागद फाटला. "हे पेपर तुमचे, आयुष्य माझं!"

एक टाळी नाही.

मग लूर्डस आंटी म्हणाली, "बापाला असं बोलतो? थोबाड फोडा त्याचं!" आणि मूठभर चणे विकीच्या तोंडावर! वेन अंकल म्हणाले, "ह्याला आपण इथे शूटिंगला आत सोडला?" सगळे बापाच्या बाजूचे! मम्मी म्हणाली, "पोस्टमन असता तर बरा होता." बघा! हे यांचं खरं रूप! पंचवीस वर्षं टाळ्या आणि ऐकलं तर चणे!

एक माझा बाप सोडून. कॉस्मस. तो पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होता, जिथे तो नव्हता. मग माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "परत लाव."

"काय?"

"तो काय बोलला ते. परत लाव."

मी लावलं. बाप ऐकत होता. तोंडातल्या तोंडात म्हणत होता. म्हणाला, "अजून एकदा." तुम्हाला सांगतो, मी आवाज अजून वाढवला. म्हटलं, पोहोचलं! तीन वर्षांनी का होईना, पोहोचलं! आता सोमवारी हा माणूस तो फॉर्म उचलणार आणि स्वतःच्या हातानं फाडणार. त्या रविवारी मी बापाच्या ताटात स्वतः मासळी वाढली. शेपटीकडची नाही, मधली.

सोमवार उजाडला. बाप नेहमीसारखा डबा घेऊन गेला. मरोळच्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये औषधाच्या कंपनीत तो पॅकिंगला आहे. खोक्यात बाटल्या किती, लेबल सरळ की तिरकं. माझा जन्म झाला त्या वर्षी क्लॅरिनेट सोडून लागला, आजवर एक दिवस उशीर नाही. तो सकाळी अकराला घरी. डबा भरलेला. मी म्हटलं, "डॅडी, बरं नाही का?" त्यानं खिशातून एक कागद काढला. म्हटलं, आला! फाडणार! तर तो फॉर्म नव्हता. राजीनाम्याची कॉपी होती. दोन ओळी. दुसरी ओळ काय? "हे खोके तुमचे, आयुष्य माझं. आपला विश्वासू, कॉस्मस."

अहो, मी पोरासाठी... म्हणजे स्वतःसाठी... म्हणजे बापानं मला समजून घ्यावं म्हणून दाखवला ना तो पिक्चर! ह्यानं तो स्वतःलाच लावून घेतला!

मी म्हटलं, "डॅडी, तुला वेड लागलं का?"

"तीस वर्षांचा असताना कोणी ऐकवलं नाही रे मला हे," तो म्हणाला. "मी मागेच उभा होतो त्याच्या. दहा फुटांवर. पण आमचा बँड चालू होता, ऐकूच आलं नाही."

"पण डॅडी, आता? ह्या वयात? राजीनामा मागे घे!"

"का?"

"लोक काय म्हणतील!"

...हो. हे मी म्हणालो. माझ्या तोंडातून आलं. अख्खंच्या अख्खं. मी मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून!

मम्मी आतून आली. तिनं ते पत्र वाचलं, घडी केली, आणि बालवाडीतल्या पोरांशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "ह्या घरात एकच विकी परवडतो. आणि रांगेत मोठा पुढे आहे." झाला निकाल! अपील नाही! मी म्हटलं, "मम्मी, माझं काम?" ती म्हणाली, "रविवारी गुंडाळ वायरी."

दुपारी कंपनीतून फोन. शर्मिष्ठा मॅडम. गोड आवाज, असा की नकार द्यायला लाज वाटावी. "कॉस्मसजींसारखा माणूस नाही हो मिळत. त्यांच्या जागी घरातलं कोणी असेल तर पाठवा, आम्ही घेऊ. फक्त पुढे कायम व्हायचं तर डिग्री पूर्ण लागेल." मी म्हणणार होतो, मॅडम, रॉंग नंबर. पण मम्मी समोर उभी. कमरेवर हात. मी म्हटलं, "हो मॅडम." ते "हो मॅडम" माझ्या बापाच्या आवाजात आलं. मी दुसऱ्यांदा मागे वळून बघितलं.

तर आता असं आहे. सकाळी पावणेसातला मी आरशासमोर कंपनीचा निळा शर्ट इन करतो, खांद्यात ढिला, कारण बापाचा आहे. बाप बनियनवर, पाय खुर्चीवर, क्लॅरिनेट फुंकतो. पंचवीस वर्षांनी! आवाज कसा येतो? लूर्डस आंटी खिडकीतून ओरडते, "कॉस्मस, बदक आणलंस काय रे?" तिला आनंद झालाय! वेन अंकल म्हणतात, "शाब्बास मॅन, हिंमत लागते!" हिंमत! मी सोडलं तेव्हा नालायक, हा सोडतो तेव्हा हिंमत! आणि दिवसभर मी खोकी मोजतो, लेबल तिरकं की सरळ, संध्याकाळी सहाव्या सेमिस्टरची पुस्तकं, आणि शनिवारी मम्मी विचारते, "अभ्यास झाला का?" मलाच! त्याला विचार ना, स्केल बसली का!

काल तो फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस. माझी सही झाली होती. खाली पालकांची लागते. मी कागद बापासमोर धरला. त्यानं क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं, तोंड पुसलं, चष्मा लावला आणि फॉर्म वरपासून खालपर्यंत, एक एक ओळ, वाचला. सही केली. मग माझा हात धरला. डोळ्यात पाणी. म्हणाला, "जेफ्री, बापापासून लपवू नको हां. मनाविरुद्ध करत असशील ना... तर नको करू, बाळा."

मी म्हटलं, "डॅडी, पाय घे खुर्चीवरून. खाली माझे बूट आहेत, शिफ्टला उशीर होतोय."